पावसात पुढची चाके पुन्हा पुन्हा घसरतात : छोट्या दमदार गाडीसाठी परवडणारे टायर निवडताना

तक्रार अशी आहे. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन किंवा मारुतीची बलेनो आरएस यांसारखी छोटी पण दमदार टर्बो पेट्रोल गाडी कोरड्या रस्त्यावर उत्तम चालते. जूनमध्ये रस्ते ओले झाले की मात्र सिग्नलवरून निघताना पुढची चाके जागच्या जागी फिरतात, डॅशबोर्डवर ईएसपीचा (गाडी घसरण्यापासून सावरणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा मिचकावू लागतो, घाटातल्या वळणावर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ पुढे जाऊ पाहते आणि साधा ब्रेक दाबला तरी एबीएसची (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर पायाला जाणवते. टायर बदलल्यावर पहिला पावसाळा बरा जातो आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात तीच तक्रार परत येते.

माझ्या पोलो जीटी टीएसआयच्या बाबतीत हे दोनदा घडले आणि दोन्ही वेळा दोष गाडीचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. या गाडीचे १.२ लिटरचे इंजिन १०५ पीएस शक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते, आणि तो टॉर्क इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड हजारावर पोहोचताच पूर्णपणे हाती येतो. एवढा जोर फक्त पुढच्या दोन चाकांनी रस्त्यावर उतरवायचा असल्यामुळे टायरमधली जी उणीव साध्या हॅचबॅकमध्ये झाकली जाते, ती इथे पहिल्याच सरीत उघडी पडते.

टायरला दोष देण्यापूर्वी

नवे टायर घेण्याआधी अर्धा तास खर्च करून चार गोष्टी तपासाव्यात, कारण यांपैकी एखाद्या गोष्टीत दोष असेल तर नव्या टायरचे पैसे वर्षभरात वाया जातात.

पहिली गोष्ट हवा. दाब गाडी थंड असताना, म्हणजे किमान तीन तास उभी असताना, स्वतःच्या गेजने मोजावा. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लावलेल्या चिठ्ठीवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो आणि तो आपल्यासाठी नसतो. पावसात रस्ता धरून राहण्यासाठी हवा थोडी कमी ठेवावी, असा सल्ला आजही अनेक ठिकाणी मिळतो आणि तो सरळसरळ चुकीचा आहे. नासाचे संशोधक वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले, की साचलेल्या पाण्यावर चाक ज्या वेगाला तरंगू लागते, तो वेग टायरमधील दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यांच्या सूत्रात ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाब घातला तर तो वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो आणि २४ पीएसआय घातला तर तो ८२ पर्यंत खाली येतो. हे सूत्र विमानाच्या चाकांच्या अभ्यासातून आलेले असल्यामुळे मोटारीसाठी हे आकडे जसेच्या तसे धरू नयेत, परंतु दिशा स्पष्ट आहे : हवा कमी असेल तर गाडी कमी वेगातच पाण्यावर तरंगते.

दुसरी गोष्ट नक्षीची खोली. नक्षीच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात आणि ते कुठे आहेत हे सांगणारी टीडब्ल्यूआय ही अक्षरे टायरच्या खांद्यावर सापडतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, आणि ती कायद्याने किमान मर्यादा आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर वारंवार जाणाऱ्याने मात्र त्या मर्यादेपर्यंत थांबू नये. खोली ३ मिलिमीटरच्या खाली गेली, की पाणी बाहेर फेकण्याची क्षमता झपाट्याने घटते, आणि म्हणून मी टायर गोटा होण्याची वाट न पाहता मे महिन्यातच निर्णय घेतो.

तिसरी गोष्ट झिजेचा आकार. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा सतत जास्त राहिली आहे, आणि नक्षीच्या दोन्ही कडा झिजल्या असतील तर ती सतत कमी राहिली आहे. फक्त आतली कड झिजली असेल किंवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागत असेल, तर चाकांचे अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) बिघडले आहे. ही आतली कड उभ्या गाडीत दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून किंवा चाक काढूनच ती पाहावी लागते. माझ्या पहिल्या संचात बाहेरून पाच मिलिमीटर नक्षी दिसत असताना आतून टायर पूर्ण गुळगुळीत झालेला निघाला होता.

चौथी गोष्ट वय. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ते २३२४ असे असतील तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर कमी चालले तरी रबर कडक होतच जाते. पाच-सहा वर्षांच्या टायरमध्ये नक्षी शिल्लक असूनही पकड गेलेली असू शकते, आणि महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या मालकांची तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

या चारही गोष्टी ठीक असूनही चाके घसरत असतील, तर टायरच या गाडीच्या लायकीचा नाही असे मानावे.

तीच चूक दोन रूपांत

पहिल्यांदा टायर बदलताना मी दुकानात एकच प्रश्न विचारला होता : सर्वांत जास्त किलोमीटर कोणता टायर देईल? मला ज्याची शिफारस झाली, त्याने खरोखरच भरपूर किलोमीटर दिले असते. परंतु ताम्हिणी घाटात शेवाळलेल्या वळणावर तो रस्त्याला अजिबात चिकटत नसे. दुसऱ्यांदा मी उलट टोकाला गेलो. मूळ १८५/६० आर१५ (म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या साठ टक्के आणि रिम १५ इंची) ऐवजी १७ इंची अलॉय आणि २०५/४५ आर१७ टायर बसवले. कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंगचा प्रतिसाद निश्चितच तीक्ष्ण झाला, पण पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी पूर्वीपेक्षा लवकर हलकी पडू लागली आणि पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्यांमुळे दोन टायरना फुगे आले. वरवर पाहता हे दोन निर्णय परस्परविरुद्ध आहेत, पण चूक एकच आहे. दोन्ही वेळा मी पैसे रबराच्या दर्जाऐवजी दुसऱ्याच कशासाठी तरी मोजले : एकदा किलोमीटरसाठी आणि एकदा आकारासाठी.

रुंद टायरचा भ्रम समजून घेण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडते. पोलो जीटी टीएसआयचे वजन सुमारे ११०० किलो आहे आणि इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या एका चाकावर साधारण ३३० किलो भार येतो. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. याचा अर्थ टायर आणि रस्ता यांच्यातील स्पर्शाचा भाग जेमतेम १४५ ते १५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या तळहाताएवढा असतो. भार आणि दाब तेवढेच ठेवून टायर रुंद केला, तर हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. त्याचा आकार तेवढा बदलतो, म्हणजे तो भाग आडवा रुंद आणि लांबीने आखूड होतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा होतो. ओल्या रस्त्यावर मात्र त्या रुंद भागाखालचे जास्त पाणी कमी वेळात बाजूला सारावे लागते, आणि नक्षी निम्मी झिजल्यावर ते टायरला जमत नाही.

फुग्यांचे कारणही याच बदलात आहे. १८५/६० आर१५ मध्ये टायरच्या कडेची उंची १८५ च्या साठ टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर असते. २०५/४५ आर१७ मध्ये ती ९२ मिलिमीटर उरते. खड्ड्याची धार बसताना कड रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि त्या जागी हवेचा दाब रबराला बाहेर ढकलतो. असा फुगा दुरुस्त होत नाही आणि तो केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. फुगा आलेला टायर मागच्या चाकाला किंवा स्टेपनी म्हणूनही वापरू नये.

पकड कुठून येते

ओल्या रस्त्यावरची पकड मुख्यतः रबराच्या मिश्रणातून येते. पूर्वी टायरच्या मिश्रणात भर म्हणून केवळ कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड असे. मिशलिनने १९९२ मध्ये सिलिका वापरून टायर बाजारात आणले आणि त्यानंतर चांगल्या प्रवासी टायरमध्ये सिलिकाचे प्रमाण वाढत गेले, कारण सिलिकामुळे ओली पकड सुधारते आणि घरंगळण्याचा विरोधही (चाक फिरताना वाया जाणारी ताकद) कमी होतो. कडक रबर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात शिरत नाही, मऊ रबर शिरते. मऊ रबर लवकर झिजते, ही त्याची किंमत आहे. जास्तीत जास्त किलोमीटर आणि जास्तीत जास्त पकड या दोन्ही गोष्टी एका टायरमध्ये स्वस्तात मिळतात, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

ही किंमत प्रत्यक्षात किती पडते, हे उदाहरणाने पाहावे. पाच हजारांचा एक टायर पन्नास हजार किलोमीटर चालतो आणि सहा हजारांचा पकडदार टायर पस्तीस हजार चालतो, असे धरले तर चार चाकांचा खर्च पहिल्या टायरला किलोमीटरमागे ४० पैसे आणि दुसऱ्याला सुमारे ६९ पैसे येतो. फरक २९ पैशांचा आहे. अशा गाडीला किलोमीटरमागे सात-आठ रुपयांचे पेट्रोल लागते. त्या खर्चापुढे २९ पैसे वाचवण्यासाठी पावसात ब्रेक लागण्याचे अंतर वाढवणे मला मुळीच पटत नाही.

आकार कसा ठरवावा

माझे मत असे आहे, की परवडणाऱ्या खर्चात चांगला टायर हवा असेल तर रिम बदलू नये. अलॉयसाठी लागणारे पैसे वाचतात, आणि त्या पैशांत त्याच १५ इंची आकारातले वरच्या दर्जाचे टायर येतात. रुंदी वाढवायचीच असेल तर एका पायरीने वाढवावी आणि चाकाचा एकूण व्यास मूळ व्यासापासून तीन टक्क्यांहून जास्त बदलू देऊ नये.

१८५/६० आर१५ चा व्यास ६०३ मिलिमीटर आहे. १९५/६० आर१५ चा ६१५, म्हणजे दोन टक्के जास्त. कड ११७ मिलिमीटरची होत असल्यामुळे खड्ड्यांसाठी हा पर्याय चांगला, पण गाडी किंचित उंच होते आणि वळणावर थोडी सैल वाटते. १९५/५५ आर१५ चा व्यास ५९५.५, म्हणजे सव्वा टक्का कमी; प्रतिसाद चांगला, पण गाडी आधीच खाली घासत असेल तर त्रासदायक. पोलोच्या नंतरच्या काही जीटी गाड्यांना आणि बलेनो आरएस तसेच आय-ट्वेंटी एन लाइन यांना १९५/५५ आर१६ हा आकार कंपनीकडूनच मिळालेला आहे. त्याचा व्यास ६२१ असल्यामुळे १५ इंची पोलोवर तो बसवल्यास व्यास जवळजवळ तीन टक्के वाढतो. वेगमापक ताशी १०० दाखवत असताना खरा वेग १०३ च्या आसपास धरावा लागतो. रिमच्या आतल्या बाजूला ६जे असा आकडा असेल तर रिम ६ इंच रुंद आहे आणि वर दिलेल्या १५ इंची आकारांपैकी कोणताही तिच्यावर नीट बसतो.

आकारानंतर येणारे ८४एच किंवा ८८एच हे चिन्ह दुकानात सहसा कोणी पाहत नाही, आणि मला त्याची नेहमी काळजी वाटते. ८४ म्हणजे त्या टायरची भारक्षमता ५०० किलो आणि ८८ म्हणजे ५६० किलो. टी म्हणजे कमाल वेग ताशी १९०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटर. आपण त्या वेगाने कधीच जाणार नाही. तरीही वरच्या श्रेणीचा टायर उष्णता जास्त चांगली सोसतो. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरच्या काँक्रीटवर विदर्भाच्या उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीने, १२० च्या वेगमर्यादेत तासन्तास जायचे असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. कमी हवा, जुने रबर आणि लांबचा सलग वेग हे तिन्ही एकत्र आले की टायर तापून फुटतो. भारक्षमता आणि वेगश्रेणी कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा खालची कधीही घेऊ नये.

दुकानात काय पाहावे आणि काय विचारावे

अनेक टायरवर ट्रेडवेअर असा शब्द आणि त्यापुढे आकडा छापलेला असतो. ही अमेरिकेची पद्धत आहे. १०० हा आधार धरून, टेक्सासमधील ठरावीक मार्गावर टायर किती झिजतो याची त्यात तुलना केलेली असते. आकडा जितका मोठा, तितका टायर टिकाऊ आणि साधारणपणे तितका कडक. मात्र हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये निवड करताना तो उपयोगी आहे आणि दोन कंपन्यांची तुलना करताना फारसा नाही. मी साधारण ३०० ते ४०० च्या दरम्यान राहतो. त्याशेजारी ट्रॅक्शनपुढे एए, ए, बी किंवा सी असे अक्षर असते. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याच्या चाचणीचे आहे. वळणावरची पकड किंवा पाण्यावर तरंगणे त्यात मोजलेले नसते. तरीही पावसाची तक्रार असणाऱ्याने ए पेक्षा खाली जाऊ नये. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या सरकारी संस्थेचे तारे दाखवून कोणी टायर पुढे केला, तर ते तारे प्रामुख्याने इंधन बचतीचे आहेत हे ध्यानात ठेवावे.

१५ इंची आकारात खऱ्या अर्थाने स्पोर्ट टायर भारतात फारसे मिळत नाहीत. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट ४ सारखे टायर मुख्यतः १६-१७ इंच आणि त्यापुढच्या आकारांत येतात, आणि जून २०२० पासून मोटारींच्या नव्या टायरच्या आयातीला परवान्याची अट लागल्यामुळे परदेशी पर्याय आणखी कमी झाले. म्हणून वास्तव निवड ही वरच्या दर्जाच्या प्रवासी टायरमधून करावी लागते : मिशलिन प्रायमसी ४एसटी, कॉन्टिनेंटलची अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६, योकोहामाची अर्थ-१, अपोलोची अल्नॅक ४जी अशा मालिका विचारात घ्याव्यात आणि आपल्या नेमक्या आकारात यांपैकी काय उपलब्ध आहे ते दोन-तीन दुकानांत विचारावे. माझ्या अनुभवात शांत चालण्यासाठी बनवलेला दर्जेदार टायरही ओल्या रस्त्यावर, स्पोर्ट असे नाव मिरवणाऱ्या स्वस्त टायरपेक्षा चांगला ठरला. नावावर आणि नक्षीच्या बाणदार आकारावर जाऊ नये.

आयएसआय चिन्ह नसलेला टायर घेऊ नये. उत्पादनाचा आठवडा चारही टायरवर वाचावा आणि सहा महिन्यांपेक्षा जुना साठा असेल तर नवा मागावा. ग्राहक आग्रही असेल तर दुकानदार बहुतेक वेळा मागवून देतात. पावतीवर प्रत्येक टायरचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण काही कंपन्या सुरुवातीच्या ठरावीक काळात फुग्यासाठीही भरपाई देतात आणि क्रमांकाशिवाय दावा उभा राहत नाही. मोठ्या गाडीवरून काढलेले, वापरलेले टायर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. आतल्या धाग्यांनी काय सोसले आहे हे बाहेरून कळत नाही.

दोनच टायर परवडत असतील तर

इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. पुढची चाके ओढतात म्हणून नवी जोडी पुढे बसवावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते, ते चालकाला स्टिअरिंगमध्ये कळते आणि पाय उचलल्यावर पकड बहुधा परत येते. मागची चाके घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. म्हणून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतही नवी जोडी मागेच बसवावी आणि बरी असलेली जुनी जोडी पुढे घ्यावी. निघताना चाके थोडी फिरली तरी चालेल. डावीकडे एक आणि उजवीकडे वेगळ्या नक्षीचा दुसरा असे टायर एकाच अक्षावर कधीही लावू नयेत.

बसवताना

काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो आणि काहींवर कोणती बाजू बाहेर यावी हे लिहिलेले असते. बसवणाऱ्याने ते पाहिले आहे याची आपण उभे राहून खात्री करावी. ट्यूबलेस व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवे घ्यावेत. बॅलन्सिंग चारही चाकांचे करावे आणि अलाइनमेंट त्याच दिवशी, छापील आकड्यांसह करून घ्यावे. पोलोच्या मागच्या टॉर्शन बीमचे (दोन्ही मागची चाके जोडणाऱ्या आडव्या तुळईचे) कोन कारखान्याबाहेर जुळवता येत नाहीत. त्यामुळे मागचे आकडे मर्यादेबाहेर आले तर बीम वाकला आहे का किंवा तिचे रबरी बुश गेले आहेत का, हे तपासायला सांगावे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि दर पंधरा दिवसांनी दाब मोजण्याने त्याहून जास्त साधते.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून आलेला गुळगुळीतपणा असतो, त्यामुळे पहिले तीनशे किलोमीटर जोरात वळणे आणि दाबून ब्रेक लावणे टाळावे आणि शक्यतो हे अंतर पाऊस सुरू होण्यापूर्वी पूर्ण करावे. शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्यावेत. पोलोसाठी तो आकडा १२० न्यूटन-मीटर आहे, आणि हवेच्या बंदुकीने आवळलेले बोल्ट जवळजवळ नेहमी त्याहून कमी किंवा जास्त निघतात.